वास शेजारच्याचा, चव ओढणाऱ्याची

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात व्हॅनिलावर लिहिताना पाईपच्या सुगंधी तंबाखूचा मी ओझरता उल्लेख केला होता. त्यावर भरपूर पत्रं आली. बहुतेक पत्रांत कुणाचे वडील आहेत, काका आहेत, नाहीतर ऑफिसातले साहेब आहेत, आणि त्यांच्या खोलीचा वास आहे. माझी सगळी नोकरी मुंबईत सुवासद्रव्यांच्या धंद्यात झाली. बिस्किटांपासून किमामपर्यंत अनेकांसाठी फ्लेवर बनवले आणि मधला बराच काळ तंबाखूच्या फ्लेवरचं टेबल माझ्याकडे होतं. तेव्हा जे हुंगलं, चाखलं, शिकले, त्यातूनच ही उत्तरं देते आहे.

माझे वडील पाईप ओढायचे. दिवाणखान्यात अंजीर आणि चॉकलेटसारखा गोड वास दरवळायचा. पुढे माझ्या भावाने कौतुकाने तसाच तंबाखू आणून ओढला, तर जीभ पोळली आणि चव म्हणून काही लागलीच नाही. मग वडील इतकी वर्षं कशाचा आनंद घेत होते?
– एक वाचक, पुणे

तुमच्या भावाला आलेला अनुभव खरा आहे आणि वडिलांचा आनंदही खराच होता.

कारखान्यात तंबाखूला स्वाद दोनदा देतात. पहिल्यांदा पान कापण्याआधी. साखर, मळी, ज्येष्ठमधाचा अर्क, कोको अशा जिनसांचा पाक पानाला पाजायचा आणि गरम हवेत वाळवायचं. याला धंद्यात केसिंग म्हणतात. हा पाक पानाच्या आत मुरतो आणि त्याचा राकटपणा मोडतो. दुसऱ्यांदा, पान कापून झाल्यावर, फिरत्या ड्रममध्ये त्यावर अल्कोहोलात किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवलेला सुगंध फवारतात. हे टॉपिंग. डबा उघडल्याबरोबर जो घमघमाट अंगावर येतो तो बहुतांशी टॉपिंगचा. ते पानाच्या वरवर बसलेलं असतं. निखारा जवळ यायला लागला की आधी तेच उडून जातं.

उडून जातं कुठे, तर बरंचसं खोलीत. दोन झुरक्यांच्या मधे पाईपच्या तोंडातून जो धूर आपणहून वर जातो, तो ओढणाऱ्याच्या तोंडात जातच नाही. तो पडद्यांना, कोचाला आणि शेजारी बसलेल्या मुलीला मिळतो. ओढणाऱ्याच्या वाट्याला नळीतून येणारा धूर. तोंडातला वास कळायला तो घशाच्या मागून वर नाकात चढावा लागतो. पाईपचा धूर सहसा छातीत घेत नाहीत, त्यामुळे नवख्याच्या नाकापर्यंत काही पोचतच नाही. मुरलेले ओढणारे धूर तोंडात खेळवतात आणि त्यातला थोडासा हळूच नाकावाटे सोडतात. तुमच्या वडिलांना ते जमत असणार.

शिवाय नाक फार लवकर थकतं. आमच्या प्रयोगशाळेत एकाच वासाची पट्टी सारखी हुंगू देत नसत, मधे बाहेर जाऊन यायला लावत. पाईपवाला स्वतःच्याच ढगात बसलेला असतो. काही मिनिटांत त्याच्या नाकाने त्या वासाची नोंद घेणं सोडून दिलेलं असतं. दार उघडून आत येणाऱ्याला मात्र तो वास पुरेपूर मिळतो.

आमचे साहेब एरिनमोर ओढत. बेलफास्टच्या मरे कंपनीचा हा जुना ब्लेंड, म्हणजे पानांचं तयार मिश्रण. त्याच्या टॉपिंगमध्ये फळांचा वास आहे, नेमकं सांगायचं तर पिकल्या अननसाचा भास होतो. ते गॅलरीत आले की आत बसलेल्या आम्हा सगळ्यांना कळायचं. त्यांना विचारलं तर म्हणायचे, "अननस कुठला? मला वाळल्या गवताची गोडी लागते." ती गोडी व्हर्जिनिया या पिवळ्या, साखरेच्या पानाची. आम्हाला टॉपिंग मिळत होतं, त्यांना पान मिळत होतं. सुगंधी तंबाखूबद्दल मला जे काही सांगायचं आहे ते एवढ्यात आलं: वास शेजारच्याचा असतो, चव ओढणाऱ्याची. 'सगळ्यात चांगला ब्लेंड कोणता' यावर माणसं तासन्‌तास वाद घालतात, कारण दोघं एकाच डब्यातल्या दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात.

भावाची जीभ पोळली ती बहुधा वाफेने. सुगंधी तंबाखू ओलसर ठेवलेला असतो, नवखा माणूस घाईघाईने झुरके मारतो, मग गरम वाफ थेट जिभेवर येते. साखर जास्त असली की आच आणखी वाढते. अंजीर आणि चॉकलेट यांवरून माझा अंदाज असा, की वडिलांच्या डब्यात कोको आणि ज्येष्ठमध मुरवलेलं बर्ली जातीचं पान (त्याबद्दल पुढच्या उत्तरात) भरपूर असावं. हे स्वाद केसिंगचे, म्हणजे शेवटपर्यंत टिकणारे. त्यांना वासाबरोबर चवही मिळत होती.

मी रसायनशास्त्र शिकवतो. वास तर प्रत्येक तंबाखूला असतो, मग 'ॲरोमॅटिक' वेगळा कशाने? त्यात नेमकी कोणती द्रव्यं असतात? आणि नाव घेण्यासारखे ब्लेंड कोणते?
– एक प्राध्यापक, नागपूर

ज्यात पानाच्या स्वतःच्या वासापेक्षा बाहेरून दिलेला वास पुढे येतो तो ॲरोमॅटिक. ज्याला इंग्लिश ब्लेंड म्हणतात त्यात सुगंध पानांचाच: तुर्कस्तान-ग्रीसकडची लहान ओरिएंटल पानं आणि धुरीवर काळं केलेलं लाटाकिया. लाटाकिया हे नाव सीरियातल्या बंदराचं, पण आज ते पान सायप्रसचं म्हणून ओळखलं जातं.

ॲरोमॅटिकची इमारत दोन पानांवर उभी असते. एक बर्ली. १८६४ साली अमेरिकेतल्या ओहायोत या पानाची फिकट जात सापडली, ती व्हाइट बर्ली. हे पान सावलीत, हवेवर वाळवतात. वाळताना त्यातली साखर जवळजवळ संपते, पान सच्छिद्र होतं आणि तुम्ही द्याल तो स्वाद पिऊन घेतं. दुसरं ब्लॅक कॅव्हेंडिश. कॅव्हेंडिश हे झाडाचं नाव नव्हे, ती एक प्रक्रिया आहे. पान गोड करायचं, वाफेवर आणि दाबाखाली शिजवायचं, पार काळं होईपर्यंत. अशा पानाला स्वतःची चव फार थोडी उरते, पण धूर मऊ येतो आणि सुगंध धरून ठेवायला याच्यासारखं दुसरं काही नाही.

आता द्रव्यं. व्हॅनिलिन आणि त्याचा जास्त तेज भाऊ इथाइल व्हॅनिलिन, हे सगळ्यांत जास्त वापरात. व्हॅनिलिन १८७४ मध्ये जर्मनीत टीमान आणि हारमान यांनी प्रयोगशाळेत बनवलं आणि तिथून कृत्रिम फ्लेवरचा आमचा धंदाच सुरू झाला म्हणायला हरकत नाही. चेरीसाठी बेन्झाल्डिहाइड. आणि कुमारिन, जे टोंका नावाच्या दक्षिण अमेरिकी बीमध्ये असतं. त्याला नुकत्याच कापलेल्या गवताचा वास येतो. विल्यम पर्किन यांनी ते १८६८ मध्ये बनवलं. अमेरिकेत १९५४ पासून खाद्यपदार्थांत ते घालायला बंदी आहे, पण पाईपच्या जुन्या ब्लेंडना जो 'जुना' वास यायचा त्यात मोठा वाटा कुमारिनचा.

तुमच्या वर्गात सांगण्यासारखी गोष्ट अशी: बेन्झाल्डिहाइड साधारण १७८ अंश सेल्सियसला उकळतं, व्हॅनिलिन २८५ला. चेरीचा डबा उघडल्यावर भरभरून बोलतो आणि पाईप निम्मा व्हायच्या आत गप्प होतो. व्हॅनिला तळापर्यंत साथ करते. अत्तरवाले ज्याला वरची आणि खालची नोट म्हणतात, तेच इथे निखाऱ्यावर घडतं. म्हणून ब्लेंड करणारा चांगला कारागीर चेरी एकटी घालत नाही, खाली व्हॅनिला किंवा टोंका ठेवतो.

नावांचं म्हणाल तर अमेरिकेचा कॅप्टन ब्लॅक, पांढऱ्या पाकिटातला, व्हॅनिलाचा. लेन कंपनीचा. त्याच घरचा वन-क्यू तिकडच्या दुकानांतून बरणीतून सुटा विकतात आणि दुकानदार त्याला आपापलं नाव देतात. हे दोन्ही खोलीसाठी जन्मलेले ब्लेंड आहेत. माझ्या मते तोंडात त्यांचं फारसं काही उरत नाही, पण शेजारच्याची तक्रार येणार नाही. प्रिन्स अल्बर्ट १९०७ चा, आर. जे. रेनल्ड्सचा. जीभ चावत नाही, हीच त्याची जाहिरात असे. बर्ली, कोकोचा हलका स्पर्श, बस्स. मला तो सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. हाफ अँड हाफमध्ये बडीशेपेच्या जातीचा वास असतो, त्याबद्दल पुढे लिहिते.

डेन्मार्कमध्ये स्वेनबोर्गचं मॅक बॅरन. त्यांचं 'मिक्श्चर' १९५८ पासून आहे. त्यात तीसहून अधिक प्रकारची पानं असल्याचं सांगतात आणि वर मधासारखी गोडी. सावकाश ओढणाऱ्यालाच ते प्रसन्न होतं. घाई केली तर जिभेवर सूड घेतं, ही त्याची ख्याती जगभर आहे. हॉलंडचे ॲम्फोरा आणि क्लॅन जुन्या मुंबईकरांना आठवतील. पत्रांत या दोघांची नावं बरीच आली. स्वीडनचा बोर्कुम रिफ, त्यात बर्बन व्हिस्कीचा स्वाद. नाव उत्तर समुद्रातल्या एका दीपनौकेवरून घेतलेलं. आणि इंग्लंडच्या उत्तरेला केंडल नावाचं गाव आहे, तिथले फुलांच्या वासाचे तंबाखू. त्यांच्यावर लिहिण्यासाठी मला पुढचा प्रश्न हवा होता, तो ठाण्याहून आलाच.

नवऱ्याला चेरीचा तंबाखू प्राणप्रिय आहे. मला त्या वासाने खोकल्याच्या औषधाची बाटली आठवते आणि डोकं दुखतं. तो म्हणतो, 'तुला वासातलं कळत नाही.' कोणाचं बरोबर?
– एक वाचक, ठाणे

तुमचं नाक अगदी नीट आहे.

नवी मुलं कामाला लागली की पहिल्या आठवड्यात मी त्यांना बेन्झाल्डिहाइडची पट्टी द्यायचे. ब्लॉटरची पांढरी, बोटभर रुंदीची पट्टी, टोक बुडवलेलं, नाव सांगायचं नाही. वांद्र्याच्या ख्रिस्ती घरातली मुलगी डोळे मिटून म्हणाली, "नाताळचं मार्झिपान." शेजारच्या मुलाने हुंगून सांगितलं, "बदाम शेक." आणि सोलापूरच्या एका मुलाने तोंड वाकडं केलं: "मॅडम, हे खोकल्याचं औषध आहे." पट्टी एकच, बाटली एकच. तिघांचंही उत्तर मी वहीत बरोबर म्हणून लिहिलं. कडू बदाम आणि चेरीची आठळी यांत हे द्रव्य असतंच. आपण ज्याला चेरी फ्लेवर म्हणतो तो मुख्यतः आठळीचा वास. लाल, गोड औषधांतही तोच वास घालायची पद्धत पडली. त्यामुळे ज्याला तो आधी केकमधून भेटला त्याला तो खाऊ वाटतो, ज्याला चमच्यातून भेटला त्याला आजारपण.

आवडीनिवडी कुठून येतात, याचं मला पटलेलं उत्तर हे असं आहे. एखादा वास लहानपणी आपल्यासमोर खाण्याचा म्हणून आला, औषधाचा म्हणून आला की अंघोळीचा म्हणून, त्यावर पुढचं बरंचसं ठरतं. जिभेची ठेवण थोडीफार वेगळी असते हे खरं. कडूपणा काहींना जास्त जाणवतो. पण वासाच्या बाबतीत मोठा हिशेब आठवणींचाच.

केंडलचंच घ्या. तिथे सॅम्युएल गॉविथचं घर १७९२ पासून तपकीर आणि तंबाखूत आहे, त्याच गावात गॉविथ हॉगार्थही. तपकिरीला गुलाब, जिरेनियम, टोंका असे वास देण्याची त्यांची जुनी रीत, तीच पाईपच्या तंबाखूत उतरली. एनरडेल फ्लेक हा त्यातला नामांकित (फ्लेक म्हणजे पान दाबून केलेल्या पातळ चकत्या). अमेरिकेत आणि इंग्लंडातसुद्धा असंख्य लोक या वासाला साबणाचा वास म्हणतात आणि डबा परत मिटतात. एका इंग्रज पाहुण्याने तो डबा आमच्या टेबलावर ठेवला होता आणि तो अगोदरच माफी मागत होता. आमच्या प्रयोगशाळेतल्या मुली एकेक करून वास घेऊन गेल्या. सगळ्यांचं मत एकच: गुलकंद. विडा. कुणालाही साबण आठवला नाही. आपल्याकडे गुलाब खायचा असतो, सरबतात, गुलकंदात, पानात. किमामात आणि जर्द्यात अत्तर घालणारे आपण लोक. केंडलचा फ्लेक मराठी नाकाला परका वाटूच नये. मला तो फार आवडतो.

बडीशेपेचंही तसंच. हाफ अँड हाफच्या वासाने काहींना जेवणानंतरचा मुखवास आठवतो, काहींना ग्राइपवॉटर. लाटाकियाच्या खोलीत एक जण 'देवघरातली धूप' म्हणतो आणि दुसरा खिडक्या उघडायला धावतो. व्हॅनिला मात्र जवळजवळ सगळ्यांनाच चालते, कारण आइस्क्रीम आणि कस्टर्डमधून ती पिढ्यान्‌पिढ्या खाऊ म्हणूनच आलेली आहे. सुगंधी तंबाखूच्या बाजारात तिचं राज्य आहे ते यामुळे.

राहिली डोकेदुखी. चेरी आवडणं न आवडणं हा आवडीचा भाग झाला. बंद खोलीतल्या धुराने डोकं दुखणं हा आवडीचा प्रश्न नाही. धूर चेरीचा असो की विडीचा, शेजारच्याला तो अपायकारकच. नवऱ्याने बाहेर जाऊन ओढावा, हे माझ्या नावाने त्याला सांगा.

आमची वडिलोपार्जित तंबाखूची शेती. विडीच्या वखारीला माल जातो. आमच्या तंबाखूचा पाईपसाठी ॲरोमॅटिक होईल का?
– एक शेतकरी, निपाणी

तुमच्या मालाला वास उत्तम आहे. मी निपाणीच्या वखारीत उभी राहिले आहे. तिथल्या धुळीनेसुद्धा डोळ्यांना पाणी येतं आणि तरी बाहेर पडावंसं वाटत नाही. पण पाईपसाठी तो चालणार नाही. विडीचा तंबाखू उन्हात वाळवलेला, कडक, निकोटिन जास्त आणि साखर कमी. विडीत चिमूटभर असतो म्हणून तो शोभतो. पाईपची वाटी भरून तो ओढला तर माणसाला घेरी येईल. वर कितीही व्हॅनिला फवारली तरी खालचा तिखटपणा झाकला जाणार नाही.

पानाची जात महत्त्वाची आहेच, पण ते कसं वाळवलं यावर त्याहून जास्त ठरतं. सोनेरी व्हर्जिनियाची कथा यासाठी सांगते. १८३९ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅसवेल परगण्यात, स्लेड यांच्या शेतावर स्टीफन नावाचा गुलाम तंबाखूच्या कोठीतली आग राखत होता. रात्री त्याचा डोळा लागला, आग विझत आली. जागा झाल्यावर त्याने लोहारकामाचे कोळसे आणून टाकले. एकदम वाढलेल्या कोरड्या आचेने पानं काळपट होण्याऐवजी लखलखीत पिवळी झाली. पान झटकन वाळलं की त्यातली साखर आतच राहते. पुढे धूर आत न येऊ देता नळातून उष्णता द्यायची रीत बसली. त्यालाच फ्लू-क्युअर्ड म्हणतात. त्या पिवळ्या पानावर मोठमोठे व्यापार उभे राहिले, स्टीफन मात्र गुलामच होता.

आपल्याकडे हे पान आंध्रात आणि कर्नाटकात म्हैसूरच्या बाजूला होतं. तंबाखू मंडळ गुंटूरला आहे, संशोधन संस्था १९४७ पासून राजमहेंद्रीला. पाईपच्या मिश्रणात भारतीय पान जाऊ शकतं ते यातलं. आंध्रात थोडी बर्लीही होते.

इतिहासाचं म्हणाल तर दख्खनचा मान मोठा आहे. अकबराच्या दरबारात तंबाखू पोचला तो विजापूरहून. अकबराचा दरबारी असद बेग तिकडे वकिलातीवर गेला होता. १६०४-०५ च्या सुमारास परतताना त्याने तंबाखू आणि रत्नजडित नळी नजराणा म्हणून नेली. बादशहाने दरबारातच काही झुरके घेतले, हकिमाने लगेच हरकत घेतली आणि तिथेच वाद झडला. पुढे १६१७ मध्ये जहांगीराने तंबाखूवर बंदी घातली. दख्खनच्या माणसांना तंबाखू बादशहाच्या आधी माहीत होता.

एकाच पाईपमधून वेगवेगळे स्वाद ओढता येतात का?
– एक वाचक, डोंबिवली

येतात, पण आधीचा वास पुढच्यात उतरतो. पाईपचं लाकूड म्हणजे ब्रायर, भूमध्य समुद्राकाठच्या एरिका झाडाची मुळाजवळची गाठ. ती आणि आत साचलेला काजळीचा थर, दोन्ही वास धरून ठेवतात. लाटाकिया आणि केंडलचे फुलांचे तंबाखू या बाबतीत सगळ्यांत चिवट. नवा स्वाद अजमावायचा असेल तर मक्याच्या कणसाचा पाईप घ्यावा. अमेरिकेत मिझुरीतल्या वॉशिंग्टन गावी ते १८६९ पासून बनतात आणि स्वस्त असतात.

आजोबा तंबाखूच्या डब्यात सफरचंदाची फोड ठेवायचे. मी तसं केलं तर पावसाळ्यात बुरशी आली. त्यांचं का बिघडत नसे?
– एक वाचक, चिपळूण

आजोबा फोड ठेवून तासा-दोन तासांत काढत असणार, आणि कदाचित पावसाळ्यात ठेवतच नसतील. कोकणात जून ते सप्टेंबर तंबाखूला ओलावा द्यायची गरजच नसते; तो हवेतूनच खेचून घेतो. कोरड्या दिवसांत भिजवून पुसलेला भाजक्या मातीचा लहान तुकडा पुरतो. फळ, बटाट्याची साल, ब्रेड हे सगळं बुरशीला आमंत्रण. बुरशी आलेला डबा निवडत, झटकत बसू नका, सगळा टाकून द्या. घरात दम्याचं माणूस असेल तर तो डबा उघडूही नका.

पाईपचा धूर छातीत घेत नाहीत, म्हणून तो सिगारेटपेक्षा सुरक्षित आणि सुगंधी तर आणखी सौम्य, असं माझे मित्र म्हणतात. खरं आहे का?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

नाही. ओठ, तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका आणि फुप्फुस यांचे कॅन्सर पाईपनेही होतात. छातीत न घेतल्याने निकोटिन लागत नाही हाही गैरसमज. बर्लीसारख्या हवेवर वाळवलेल्या पानाचा धूर अल्कधर्मी असतो, आणि अशा धुरातलं निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात उतरतं. म्हणून तर पाईपवाल्याला धूर छातीत घ्यायची गरज पडत नाही.

'सौम्य' या शब्दावर मी मुद्दाम थांबते, कारण ते आमचं काम होतं. व्हॅनिला, मध, कोको यांनी धुराचा बोचरेपणा झाकतो, त्यातलं टार कमी होत नाही. बोचरेपणा ही शरीराने दिलेली सूचना असते. ती सूचना ऐकू येऊ नये अशी व्यवस्था फ्लेवर करतो. मी हे स्वतःच्या हाताने केलेलं आहे म्हणून ठामपणे लिहिते. या स्तंभात मी ब्लेंडची नावं घेतली ती वासाची गोष्ट सांगण्यासाठी. जो ओढत नाही त्याने माझ्या पत्रामुळे सुरुवात करू नये.

यातलं काय, मुंबईत कुठे मिळेल?
– अनेक वाचक

दुकानांची नावं देणार नाही. २००३ च्या कायद्याने आपल्याकडे तंबाखूच्या जाहिरातीला बंदी आहे, आणि मला ती योग्य वाटते. अठरा वर्षांखालच्या कुणालाही तंबाखू विकणं हा त्याच कायद्याखाली गुन्हा आहे. एका पत्रलेखकाने स्वतःचं वय सतरा लिहिलं आहे, त्याच्यासाठी हे उत्तर.

कपाटात वडिलांचा न उघडलेला डबा सापडला, निदान चाळीस वर्षांचा. वास टिकला असेल का?
– एक वाचक, बेळगाव

डबा हवाबंद असेल, गंजून भोक पडलेलं नसेल, तर आतला व्हर्जिनिया बहुधा सुधारला असेल. साखरेचं पान बंद डब्यात वर्षानुवर्षं मुरतं, गडद होतं, सुक्या मेव्याकडे झुकतं. टॉपिंग मात्र बरंचसं विरलेलं असेल. वडिलांचा वास म्हणून जो तुम्हाला आठवतो, तो टॉपिंगचा असेल तर थोडी निराशा होईल. उघडायचाच असेल तर घरातली सगळी माणसं जमलेली असताना उघडा. पहिल्या मिनिटात जे बाहेर येईल ते पुन्हा येणार नाही.

तुमचा स्वतःचा आवडता ब्लेंड कोणता?
– एक वाचक, न्यू जर्सी

मी कामापुरतंच ओढलं, चव घेण्यासाठी, आणि ते काम संपलं तसं तेही संपलं. पण आवड विचारली आहे तर सांगते.

लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर १९०७ मध्ये आल्फ्रेड डनहिल यांनी दुकान काढलं. गिऱ्हाइकाने आपल्याला हवी ती पानं सांगायची, दुकानाने तसं मिश्रण करून द्यायचं आणि त्याची कृती क्रमांक घालून वहीत टिपून ठेवायची. पुढच्या वेळी नुसता क्रमांक सांगितला की झालं. 'माय मिक्श्चर ९६५' हा त्या परंपरेतला, तो आता पीटरसनच्या नावाखाली मिळतो. एकच उत्तम मिश्रण सगळ्यांना विकण्याऐवजी माणसागणिक वेगळी नोंद ठेवणारी ती वही मला फार शहाणपणाची वाटते.

त्या वहीत माझी नोंद करायची असती तर मी अशी सांगितली असती: निम्म्याहून जास्त बर्ली, कोकोच्या पाकात मुरवलेली. उरलेल्यात व्हर्जिनिया, शक्यतो जुनी, गडद. ब्लॅक कॅव्हेंडिश मूठभर, धूर मऊ येण्यापुरतं. लाटाकिया चिमटीत मावेल एवढं, असलं काय नसलं काय असं वाटेल इतकंच. टॉपिंगला व्हॅनिला नको, जिरेनियम आणि टोंका, तीही डबा उघडल्यावर दुसऱ्या श्वासाला कळावीत अशी. तुमच्या घरात लाटाकिया कुणाला खपत नसेल तर ते खुशाल वगळा. बर्लीचं प्रमाण मात्र कमी करू नका, सगळी चव तिची आहे.